नस मोकळी झाली, मान राहिली

कोकणात पोटापाण्याच्या निम्म्या गोष्टी डोक्याच्या वर असतात. आंबा वर, नारळ वर, सुपारी त्याहून वर. फणस खोडाला धरतो म्हणावं, तर त्यातलाही चांगला नेमका शेंड्याकडे. पावसाआधी कौलं चाळायची, तीही वर. आणि जे वर नसतं ते डोक्यावर असतं. गवताचा भारा, लाकडांची मोळी, शेणाची पाटी, खाणीवरचा चिरा, बंदरावरून निघालेली मासळीची टोपली. या किनाऱ्यावर माणूस मानेच्या जिवावर जगतो, पण मान धरल्याशिवाय तिची आठवण कुणाला होत नाही.

गेल्या मिरगाच्या तोंडावर माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, मानेचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे, भेटेल त्या डॉक्टरला विचारते आहे. मी वैद्यकातली नाही, कणकवलीला नोकरी करते आणि शनिवार-रविवार देवगडला घरी जाते. पण या वर्षभरात एक गोष्ट मनात पक्की बसली आहे आणि ती आम्हाला आधी कुणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. मानेच्या मणक्याचं ऑपरेशन नसेसाठी होतं, त्याबद्दलचं सगळं बोलणं हाडांविषयी होतं, आणि त्याची किंमत मोजतात ते स्नायू. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर त्या स्नायूंकडे बघायला मात्र कुणाला फारसा वेळ नसतो.

आमची बाग कातळावर आहे. आजोबांनी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून गाड्यांनी माती आणून भरली आणि हापूसची कलमं जगवली. आता ती अशी वाढली आहेत की शिडीही पुरत नाही. थंडी पडली की मोहरावर फवारणी, तेव्हा गन वर धरून तासन्‌तास तोंड आभाळाकडे. मार्चपासून आंबे काढायचे, तेव्हाही तेच. घळ म्हणजे लांब बांबूच्या टोकाला जाळी आणि पातं. दोन्ही हात डोक्याच्या वर, मान मागे टाकलेली, नजर देठावर. देठ तुटून आंबा आला की चीक सालीवर ओघळतो आणि आंबा डागी होतो, म्हणून नजर हलवायची सोय नाही. मान अशी मागे गेली की कण्यातली मज्जारज्जूची नळी थोडी अरुंद होते. नळीच्या मागच्या भिंतीवरचा पिवळा बंध घडी पडून आत येतो. धडधाकट मानेला त्याचं काही वाटत नाही. पण नळी आधीच आवळत आलेली असेल तर प्रत्येक आंब्यागणिक मज्जारज्जू दाबला जातो. अण्णांनी हे उणीपुरी चाळीस वर्षं केलं.

पहिली खूण चपलेने दिली. कातळावरून येताना एका पायातली चप्पल मागे राहिली आणि ते अनवाणी पायाने तसेच पुढे आले. तापल्या कातळाचा चटकासुद्धा त्यांना जाणवला नव्हता. मग सदऱ्याची बटणं लागेनात. मग अडकित्त्यात सुपारी नीट धरता येईना. मान फारशी दुखत नव्हती आणि फसगत इथेच होते. मज्जारज्जू दबतो तेव्हा पुष्कळांना मानेत दुखण्यापेक्षा हातापायांत जास्त कळतं, म्हणून मानेकडे कुणाचं लक्षच जात नाही. वय झालं, वात आहे, तेल लावा, असं करत दोन उन्हाळे गेले. शेवटी एमआरआय झाला तेव्हा मज्जारज्जू चार ठिकाणी चेपलेला दिसला. मणक्यांच्या मागून उभा खाली जाणारा एक बंध असतो, तो हाडासारखा कडक होऊन जाड झाला होता. हा विकार जपानमध्ये इतका आढळला की एके काळी त्याला जपानी आजारच म्हणत.

फोंडा घाट चढून आम्ही कोल्हापूरला गेलो. डॉक्टर म्हणाले, "एकदोन ठिकाणी असतं तर पुढून गेलो असतो. चार ठिकाणी आहे, मागून जावं लागेल."

पुढून आणि मागून या दोन शब्दांत स्नायूंचं सगळं भवितव्य ठरतं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मागून जाण्याची जुनी पद्धत म्हणजे मज्जारज्जूच्या मागची हाडाची भिंत, लॅमिना, काढूनच टाकायची. दाब जायचा, पण काही जणांची मान पुढच्या वर्षांत हळूहळू पुढे वाकत जायची, आणि लहान मुलांमध्ये तर हे फारच दिसायचं. म्हणून १९७० च्या दशकात जपानी सर्जननी वेगळा मार्ग काढला. त्यातली हिराबायाशी यांची पद्धत जगभर गेली. लॅमिना एका बाजूने पूर्ण कापायची, दुसऱ्या बाजूला नुसती खाच पाडायची आणि त्या खाचेवर ती दारासारखी उघडून तशीच ठेवायची. आता तिला छोट्या टायटॅनियमच्या पट्टीचा टेकू देतात. याला लॅमिनोप्लास्टी म्हणतात. हाड जागेवर राहतं, नळी रुंद होते, मज्जारज्जू मागे सरकून मोकळा होतो. अण्णांचं हेच झालं, तिसऱ्या ते सहाव्या मणक्यापर्यंत.

पण त्या हाडापर्यंत पोचायचं कसं? कातडी आणि लॅमिना यांच्यामध्ये मान असते. सगळ्यांत वर ट्रॅपेझियस, मानगुटीपासून खांद्यापर्यंत आणि पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला. पालखी खांद्यावर घेतली की ती ज्याच्यावर टेकते तो हाच. त्याखाली स्प्लीनियस, त्याखाली डोकं तोलणारा सेमिस्पायनॅलिस कॅपिटिस, त्याच्याही खाली मान मागे ओढून धरणारा सेमिस्पायनॅलिस सर्व्हायसिस, आणि अगदी हाडाला चिकटून एकेका मणक्याला शेजारच्या मणक्याशी बांधणारे मल्टिफिडसचे आखूड पट्टे. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं आणि ते मानेच्या मधोमध नाही, जरा पुढेच कललेलं असतं. बसल्या-बसल्या डुलकी लागली की डोकं पुढे पडतं ते त्यामुळे. म्हणजे जागेपणी प्रत्येक क्षणी हे मागचे स्नायू डोकं धरून असतात. त्यांना सुट्टी नाही.

ऑपरेशनमध्ये दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या बरोबर मधल्या रेषेत छेद घेतात, कारण तिथल्या बंधात रक्तवाहिन्या कमी असतात. मग खोलवरचे स्नायू मणक्यांच्या मागे निघालेल्या काट्यांपासून आणि लॅमिनांपासून सोडवून दोन्हीकडे बाजूला करतात, आणि ते तसे राहावेत म्हणून रिट्रॅक्टर, म्हणजे त्यांना ताणून धरणारं हत्यार, लावतात. काम संपलं की पुन्हा मधोमध आणून थराथराने शिवतात. आमच्याकडे खालचा वासा बदलायचा तर आधी कौलं उतरवावी लागतात. वासा बदलून झाला की तीच कौलं तशीच परत चढवतात, कुठे काही हरवत नाही, तरी पहिल्या पावसात ती पूर्वीसारखी बसलेली नसतात. स्नायूंचं तसंच होतं आणि त्याहून थोडं जास्तही होतं, कारण ते जिवंत असतात आणि उतरवून ठेवलेल्या वेळातही त्यांना रक्त लागतं.

रिट्रॅक्टरने स्नायू ताणून धरला की त्याच्या आतला दाब वाढतो आणि रक्तपुरवठा कमी होतो. बरेच सर्जन म्हणून मधून मधून रिट्रॅक्टर सैल करतात. दुसरं म्हणजे त्या स्नायूंच्या नसा. मणक्यातून निघणाऱ्या प्रत्येक नसेची एक बारीक फांदी मागे वळते, सांध्याला वळसा घालते आणि मल्टिफिडस, सेमिस्पायनॅलिस यांच्यात शिरते. सोडवताना फार बाजूपर्यंत गेलं तर ती दुखावते. नस गेलेला स्नायू कितीही व्यायाम केला तरी भरत नाही. तो बारीक होतो आणि त्याच्या धाग्यांच्या जागी चरबी येते. एमआरआयमध्ये हे साध्या डोळ्यांना दिसतं. निरोगी स्नायू करडा, चरबी पांढरी.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मानेतला दुसरा आणि सातवा हे दोन मणके स्नायूंच्या हिशेबाने वेगळे आहेत. दुसऱ्याचा मागचा काटा चांगला जाडजूड, टोकाला दुभंगलेला असतो, आणि सेमिस्पायनॅलिस सर्व्हायसिसची मोठी पकड तिथे असते. सातव्याचा काटा म्हणजे मान खाली घातल्यावर बोटाला लागणारा उंचवटा. तिथे ट्रॅपेझियस आणि मानेच्या मधल्या बंधाची पकड असते. लॅमिनोप्लास्टीनंतर बऱ्याच रुग्णांची मानगूट आणि खांद्याचे फरे दुखत राहतात, हे जपानी सर्जनच्याच लक्षात आलं. मग त्यांनी शोध घेतला आणि या दोन ठिकाणच्या पकडी शाबूत ठेवल्या तर दुखणं कमी राहतं आणि मानेची मागची कमान बरी टिकते असं दिसलं. ज्यांनी ही पद्धत काढली, त्यांनीच त्यातली उणीव शोधून सुधारणा केली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ऑपरेशननंतरच्या पहिल्याच आठवड्यात अण्णांच्या बोटांत फरक पडला. पेला धरता यायला लागला. पहिले काही दिवस डॉक्टर रोज त्यांना हात बाजूने वर उचलायला सांगायचे. अशा ऑपरेशननंतर शंभरातल्या साधारण पाच जणांचा खांदा काही दिवसांतच उचलेनासा होतो, मानेतल्या पाचव्या नसेच्या अशक्तपणामुळे, आणि तो बहुतेकांचा काही महिन्यांत परत येतो. अण्णांचा हात उचलत होता. आम्ही सगळे मोकळे झालो. घाट उतरून घरी आलो तेव्हा आईने देवापुढे नारळ ठेवला.

महिन्याभराने अण्णा माजघरात बसल्या-बसल्या म्हणाले, "बोटां सुधारली गो, पण ही मान माझी वाटना नाय."

त्यांना काय होत होतं ते शब्दांत धरणं कठीण आहे. दुखत होतं, पण दुखण्यापेक्षा जडपणा जास्त. सकाळी बरं, दुपारी जेवून बसले की डोकं तोलवेनासं. संध्याकाळी मानेच्या मुळाशी ओढ आणि दोन्ही फऱ्यांमध्ये आग. डावी-उजवीकडे बघता येत होतं, कारण मान जेवढी बाजूला फिरते त्यातलं जवळपास निम्मं फिरणं वरच्या दोन मणक्यांमध्ये होतं आणि तो भाग शाबूत होता. वर बघणं मात्र गेलं होतं.

चतुर्थीला हे सगळ्यांच्या नजरेस आलं. आमच्याकडे गणपती शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, डोक्यावरून आणतात, तो दर वर्षी अण्णा आणत. गेल्या वर्षी दादाने आणला. पण खरा प्रसंग माटवीचा. गणपतीच्या डोक्यावर चौकट टांगून तिला कवंडळं, तोरिंजन, सुपारीची शिपटं, तेरडा, हरणं असं काय काय बांधायचं, आणि ते कुठे काय बांधायचं हे आमच्या घरात फक्त अण्णांना ठाऊक. ते खुर्चीवर बसून सांगायला लागले आणि त्यांना चौकट दिसेचना. मान वर जाईना म्हणून सगळी पाठच मागे टाकावी लागे आणि तोल जाई. शेवटी त्यांनी वहिनीला चटई मागितली, जमिनीवर उताणे झोपले आणि तिथून बोट दाखवून दाखवून सगळी माटवी बांधून घेतली. डोकं जमिनीवर टेकलं की मानेला काहीच धरावं लागत नव्हतं. चेहरा एकदम मोकळा झाला होता त्यांचा. शेजारपाजारची पोरं त्यांच्या बाजूला आडवी होऊन वर बघायला लागली.

आमच्या माणसांच्या मायेबद्दल इथे थोडं बोलायलाच हवं. ऑपरेशनवाल्याला भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सल्ला आणतो, हलू नको. आत्या दोन दिवस राहायला आली ती हेच सांगत होती, "मान हलवू नको हां, टाके सुटतले. गप पडान रव." टाके कधीच निघाले होते. मानेचा पट्टा डॉक्टरांनी थोडे आठवडेच सांगितला होता, पण तो काढला की घरातल्या सगळ्यांचा जीव खालीवर व्हायचा, म्हणून तो चतुर्थीपर्यंत राहिला. पट्ट्यात हनुवटी टेकून बसलं की बरं वाटतं, यात खोटं काही नाही. बरं वाटतं कारण डोकं स्नायूंऐवजी पट्टा धरतो. आणि वापरात नसलेला स्नायू किती झपाट्याने उतरतो ते प्लास्टर काढल्यावर हात बघितलेल्या कुणालाही सांगायला नको. पूर्वी या ऑपरेशननंतर दोन-तीन महिने पट्टा ठेवायची रीत होती. आता अनेक सर्जन तो लवकर काढायला लावतात आणि मान लवकर हलवायला सांगतात, त्याचं एक मोठं कारण हे स्नायूच.

रुग्णालयातून निघताना दिलेल्या कागदावर औषधांच्या वेळा तपशीलवार होत्या, जखमेची काळजी होती, परत कधी यायचं ते होतं. स्नायूंसाठी एक ओळ होती. फिजिओथेरपी, जवळच्या केंद्रात. जवळचं केंद्र म्हणजे आमच्या वाडीतून आधी रिक्षा आणि मग एसटी, ते रस्ते आणि ते हादरे. ऑपरेशन झालेल्या मानेने आठवड्यातून तीनदा हे करायचं, असं लिहिणाऱ्याने आमचा रस्ता पाहिलेला नसावा. ज्या हातांनी मज्जारज्जूच्या भोवतीचं हाड केसाइतकं मोजून कापलं, त्या हातांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. अण्णा आज चालतात ते त्यांच्यामुळे. पण एवढ्या कसबानंतर पुढचं सगळं एका ओळीवर सोडून द्यावं, हे मला पटत नाही.

चतुर्थीनंतर कणकवलीच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे मी त्यांना घेऊन गेले. तिने आधी पट्टा काढून टेबलावर ठेवला. मग व्रणाच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकवून म्हणाली, "काका, इथे बघा, खड्डा पडलाय." मी बघितलं. वर्षानुवर्षं मोळ्या आणि पेट्या वाहिलेली ती जाड मानगूट, तिच्यात मधल्या रेषेच्या दोन्हीकडे बोटभर खोलगट भाग. नंतर तिने ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय खिडकीच्या उजेडात धरला आणि दाखवलं की तिथल्या खोल स्नायूंत पांढरे पट्टे तेव्हाही होते. म्हणजे सगळं ऑपरेशनने केलं असं म्हणता येणार नाही. मज्जारज्जू आणि नसा दबल्या, मान जपून वापरली जाऊ लागली, तेव्हापासूनच हे स्नायू उतरत आले होते. ऑपरेशनने त्यात भर पडली आणि पट्ट्याने आणखी.

तिने दिलेले व्यायाम इतके साधे होते की अण्णांना ते फसवणूक वाटले. उताणं झोपायचं, डोक्याखाली टॉवेलची घडी, आणि हनुवटी किंचित आत घेत होकार द्यायचा. "हो म्हणा काका, पण इतकं हळू की फक्त टॉवेलला कळावं." यात मानेच्या पुढच्या बाजूचे खोल स्नायू जागे होतात. ते जागे झाल्याशिवाय मागच्यांचा भार हलका होत नाही. मग कपाळाला तळहात लावून डोक्याने हात ढकलायचा आणि हाताने डोकं अडवायचं, मान जराही हलू न देता. तसंच मागून, तसंच दोन्ही बाजूंनी. मग खांद्याचे फरे मागे एकमेकांकडे ओढून धरायचे. जोर लावायचा तो थोडासाच. अण्णांचा हात जरा जास्त दाबला की ती लगेच, "काका, नारळ सोलायचा नाहीये."

एक व्यायाम मात्र वेगळाच होता. अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर त्याच्यावर रोखायची आणि डोकं हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायचं. हा डोळ्यांचा व्यायाम कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली की मानेचे खोल स्नायू डोकं धरतात आणि शिवाय डोकं कुठे आहे ते मेंदूला कळवतात. स्नायूची लांबी मोजणारे बारीक संवेदक मानेत, विशेषतः कवटीच्या बुडाशी, अतिशय दाट असतात. स्नायू दुखावले, सुकले की ही खबर चुकीची जायला लागते आणि माणसाला उगीचच गरगरल्यासारखं होतं, अंधारात पाय कुठे पडतो ते कळत नाही. अण्णा रात्री अंगणात जायला का घाबरत होते ते मला त्या दिवशी कळलं. आम्ही सगळे त्याला नजरेचा दोष समजत होतो आणि डोळ्यांच्या डॉक्टरची वेळही घेऊन ठेवली होती.

पुढून झालेलं ऑपरेशन कसं असतं तेही घरातच बघायला मिळालं. माझ्या मावसभावाची एका ठिकाणची चकती सरकली होती, हातात असह्य कळा होत्या. त्याचं पुढून केलं. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेत क्लोवर्ड यांनी आणि स्मिथ-रॉबिन्सन यांनी रूढ केली. गळ्याच्या पुढे एका बाजूला, कातडीच्या घडीत छोटा छेद. तिथून स्नायू कापत जायचं नसतं, त्यांच्या मधल्या नैसर्गिक वाटेने जातात. रक्तवाहिन्यांचा जुडगा बाहेरच्या बाजूला, श्वासनलिका-अन्ननलिका आतल्या बाजूला सारून थेट मणक्यांच्या पुढ्यात. तिथे फक्त लाँगस कोलाय हा दोन्ही बाजूंचा खोल स्नायू थोडा उचलावा लागतो. मानगुटीचे स्नायू तसेच राहतात, म्हणून तो दुसऱ्या दिवशी उठून बसला. त्याची किंमत दुसरीकडे पडली. अन्ननलिका बाजूला ओढलेली असते, त्यामुळे गिळताना घास अडकल्यासारखा व्हायचा, आणि आवाज काही दिवस बसला होता. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत निवळतं, त्याचंही निवळलं. तोवर मावशीने त्याला उकड्या तांदळाच्या पेजेवर ठेवलं, आणि मला वाटतं आजारपणात त्याच्याइतका सुखाने कुणी जेवला नसेल. त्याचे दोन मणके मात्र आता एकमेकांशी जोडले गेलेत. त्या जागी हालचाल नाही, तिचा भार वरच्या आणि खालच्या मणक्यांवर जातो. कोणतंही ऑपरेशन फुकट होत नाही. कुठे मोजायचं ते आजार ठरवतो.

हे सगळं वाचताना मला सारखी आठवण येते ती बायकांची. अण्णांना विश्रांती मिळाली, कारण बाग बघायला दादा होता, नेपाळी गडी होते. डोक्यावर चुंबळ ठेवून ओली मासळी दारोदार नेणारी, किंवा पावसाळ्याच्या आधी एकामागून एक भारे घरी आणून टाकणारी बाई, तिची नस दबली तर काय? १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आफ्रिकेतल्या ओझी वाहणाऱ्यांच्या मानेच्या दुखापतींवर 'पोर्टर्स नेक' नावाने लेख आला होता. म्हणजे ओझं आणि मान यांचं नातं वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. आमच्या वाडीतल्या एका काकूंना मी चपलेबद्दल विचारलं तर त्या हसल्या आणि पायाकडे बोट दाखवलं. त्या चप्पल घालतच नाहीत. पण पाण्याची कळशी भरताना हातातून सुटते का, असं विचारल्यावर गप्प झाल्या. त्यांना मी तालुक्याला न्यूरॉलॉजिस्ट येतात त्या दिवशी घेऊन गेले. औषधं चालू आहेत, ऑपरेशनची वेळ आलेली नाही. ती येऊ नये म्हणून डोक्यावरचा भारा थांबायला हवा आणि तो थांबवणं माझ्या हातात नाही. मुलगा मुंबईला, सून पेन्शनच्या कागदांसाठी धावते आहे, गुरं दारात हंबरत आहेत.

ज्यांच्या घरात असं ऑपरेशन ठरलं असेल त्यांनी डॉक्टरांना थोडं जास्त विचारावं. पुढून की मागून, आणि का. मागून असेल तर दुसऱ्या आणि सातव्या मणक्यावरच्या स्नायूंच्या पकडी ठेवता येतील का. काही वेळा आजारच तिथपर्यंत असतो आणि ठेवता येत नाहीत, पण कळलेलं बरं. पट्टा किती दिवस, आणि तो घालून झोपायचं की नाही. मान हलवायला कधीपासून सुरुवात, कुठल्या दिशेने आधी. आणि व्यायाम रुग्णालयातून निघण्याआधीच एकदा करून दाखवा, घरच्या माणसाला फोनवर त्याचा व्हिडिओ काढू द्या, असं हक्काने सांगावं. आम्ही हे सगळं परतीच्या तपासणीला विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी कागद घेऊन स्नायू काढून दाखवले, वेळ दिला. सातव्या मणक्याचा काटा त्यांनी ठेवला होता. दुसऱ्यावरची पकड थोडी सोडवावी लागली होती, आणि ती पुन्हा शिवली होती.

अण्णांची मान आता वर जाते, पूर्वीइतकी नाही. खड्डा थोडा भरला आहे, किंवा आम्हाला तो भरलेला दिसायला लागला आहे. फवारणीची गन आणि घळ या मोसमात त्यांच्या हातात दिलेली नाही. ते खाली बसून आंबे निवडतात. पहिल्यांदा जमिनीवर पेंढ्याशी वाकून निवडायला बसले तर संध्याकाळी मान दगड झाली, कारण खाली वाकून राहिलं की मागच्या स्नायूंना डोकं आणखी जोराने धरावं लागतं. मग गावच्या सुताराकडून टेबल छातीपर्यंत उंच करून घेतलं. त्यावर आंबे ओतायचे, उभ्याने निवडायचे, अर्धा तास झाला की भिंतीला पाठ आणि डोकं टेकून पाच मिनिटं थांबायचं. पेट्या दादा उचलतो. वर बघणं आणखी किती परत येईल, असं आम्ही विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी सुधारणा होत राहते, त्यानंतर बघू. वर्ष मिरगाला होतंय. आंबा संपला की पुन्हा कोल्हापूर, आणि या वेळी एमआरआयमध्ये नळीच्या जोडीने स्नायूही बघून सांगा, असं मी आताच चिठ्ठीवर लिहून अण्णांच्या फायलीत ठेवलं आहे.